अडुळशाच्या बाटलीवर मिलिग्रॅम का नाहीत?

दम्याच्या पंपाच्या खोक्यावर औषधाच्या नावापुढे एक आकडा छापलेला असतो. साल्ब्युटामॉल, एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. अडुळशाच्या, रिंगणीच्या किंवा नावातच 'श्वास' असलेल्या एखाद्या सिरपच्या बाटलीवर वनस्पतींची यादी असते, प्रत्येकीचे वजनही असते. पण त्या पानांतून आणि मुळांतून श्वासनलिकेवर काम करणारे द्रव्य चमचाभर औषधात किती उतरले, हे क्वचितच छापलेले सापडते.

वनस्पतींच्या अर्कांतून दम्यावर औषध निघेल का, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. पंपाची सवय लागते, पंपाने फुफ्फुसे कमजोर होतात असे सांगून काढ्याकडे वळवणारे एका बाजूला. झाडपाला म्हटले की नाक मुरडणारे दुसऱ्या बाजूला. या भांडणात तो न छापलेला आकडा कोणीच मागत नाही. माझी मागणी त्या आकड्यापासून सुरू होते. वनस्पतीच्या अर्काला दम्याचे औषध म्हणवून घ्यायचे असेल, तर त्यातले क्रियाशील द्रव्य मिलिग्रॅममध्ये सांगितलेले असावे, ते रुग्णाचा पंप चालू ठेवून माणसांवर तपासलेले असावे, आणि हे होईपर्यंत त्याच्या बाटलीवर किंवा जाहिरातीत दम्याचे नाव येऊ नये.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांवरून कळेल. २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातल्या एकूण दमेकऱ्यांत हा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास येतो. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४२ टक्क्यांच्या घरात आहे. आजार इथे फार वेगळा नाही. उपचार अर्धवट होतात. सूज आटोक्यात ठेवणारे, श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड फार थोडे लोक नियमित घेतात. जो काढा किंवा जी पुडी माणसाला त्या स्टिरॉइडपासून दूर नेते, ती स्वतः निरुपद्रवी असली तरी तिच्यामुळे जीव जाऊ शकतो.

वनस्पतींना तुच्छ लेखण्याचे तर काहीच कारण नाही. आज दम्यासाठी वापरली जाणारी बहुतेक औषधे कुठल्या ना कुठल्या झाडापाशी जाऊन पोचतात. धोत्र्याचा धूर ओढून धाप कमी करण्याची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे तिथे 'दम्याच्या सिगारेटी' विकल्या जात होत्या. धोत्र्यातले अॅट्रोपिन श्वासनलिका खरोखरच सैल करते. पण तेच अॅट्रोपिन तोंड कोरडे पाडते, बाहुल्या मोठ्या करते, लघवी अडवते आणि थोडे जास्त झाले की माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतल्या नायट्रोजनला एक जादा गट जोडला, त्यामुळे त्यावर कायमचा विद्युतभार आला. असा भारित रेणू फुफ्फुसातून रक्तात फारसा शिरत नाही आणि मेंदूत तर जवळपास पोचतच नाही. ते इप्राट्रोपियम. पुढे त्याच घराण्यातले टायोट्रोपियम आले, जे दिवसातून एकदा घेतले तरी चोवीस तास टिकते.

चीनमधल्या माहुआंग या झुडपातून नागाई नागायोशी यांनी १८८५ साली एफेड्रिन वेगळे काढले. १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचे गुणधर्म तपासले आणि ते जगभर दम्यासाठी वापरले जाऊ लागले. ते श्वासनलिका उघडायचे, सोबत हृदय धडधडवायचे आणि रक्तदाबही चढवायचे. केवळ श्वासनलिकेतल्या बीटा-२ ग्राहींवर (औषध पेशीला जिथे जोडले जाते त्या जागांवर) काम करेल असा रेणू शोधता शोधता १९६० च्या दशकाच्या अखेरीस साल्ब्युटामॉल हाती आले. माहुआंगचे अर्क वजन घटवण्यासाठी 'नैसर्गिक' म्हणून अमेरिकेत विकले जात राहिले. हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या घटनांनंतर २००४ साली तिथल्या औषध प्रशासनाने त्यांच्यावर बंदी घातली. चहाच्या पानांतून १८८८ साली आल्ब्रेख्ट कोसेल यांना थिओफिलिन मिळाले, तेही पुढे दम्याचे औषध झाले. श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडांचे मूळसुद्धा मेक्सिकोच्या जंगलातल्या, आपल्या कोनफळाच्या कुळातल्या कंदांत आहे. त्या कंदांतल्या डायोस्जेनिनपासून स्टिरॉइडे स्वस्तात बनवता येऊ लागली, म्हणून तर ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

मला यातली सर्वांत बोलकी वाटते ती इजिप्तमधल्या खेल्ला या वनस्पतीची हकिगत. तिच्या बियांतले खेलिन श्वासनलिका सैल करते, पण पोटातून घेतले की मळमळ इतकी की रुग्ण टिकत नाहीत. रॉजर अल्तुन्यान हे डॉक्टर स्वतः दमेकरी होते. खेलिनसारखे नवनवे रेणू ते स्वतः हुंगत आणि मग गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासातून घेऊन मुद्दाम आपला दमा चाळवत. श्वासाचा जोर किती घटतो, हे मोजत. अशा अनेक वर्षांच्या मोजमापातून १९६५ साली क्रोमोग्लायकेट निघाले. ते श्वासनलिका सैल करत नाही; ॲलर्जीची ठिणगी पडण्याआधीच ती अडवते. खेलिनमध्ये जो गुण शोधायला सुरुवात झाली होती, त्याहून वेगळाच गुण शेवटी हाती आला, आणि तो आला मोजत राहिल्यामुळे.

यातल्या अनेक झाडांबाबत मार्ग बदलला, हे विशेष लक्षात घ्यायला हवे. औषध पोटाऐवजी थेट फुफ्फुसात गेले. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाचे दोन फवारे म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, गोळीच्या विसाव्या हिश्शाइतके. हे इवलेसे औषध पाच मिनिटांत काम करू लागते, आणि हाताला सुटणारी थरथर गोळीपेक्षा कमी असते. स्टिरॉइडचे गणित तर याहून ठळक आहे. दम्याच्या तीव्र झटक्यात पोटातून दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन द्यावे लागते. रोजच्या नियंत्रणासाठी श्वासातून २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइडचा एक डोस अनेकांना सकाळ-संध्याकाळ पुरतो. रेणू वेगळे आहेत हे खरे, पण शरीरावर पडणारा भार किती कमी होतो ते यावरून दिसते. पंपाला भिऊन 'सौम्य' गोळी किंवा सिरप मागणारा माणूस प्रत्यक्षात जास्त औषध मागत असतो.

मग अडुळशाचा अर्कच पंपातून किंवा नेब्युलायझरमधून का देऊ नये, असाही प्रश्न येतो. कारण त्यात टॅनिने, प्रथिने, साखरा आणि अतिसूक्ष्म तंतू असतात. सुजलेल्या श्वासनलिकेत हे गेले की ती आणखी आवळते. घरी केलेला काढा नेब्युलायझरच्या वाटीत घालणे हे धोक्याचे काम आहे, ते कधीही करू नये.

आता आपल्या परसातल्या अडुळशाकडे येऊ. त्यातले मुख्य क्षारक (अल्कलॉइड) वासिसिन. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन तयार झाले, आणि शरीरात ब्रोमहेक्झिनचे जे रूपांतर होते ते अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या दुकानी सिरपांत ही दोन्ही नावे रोज दिसतात. पण दोन्ही औषधे कफ पातळ करण्यासाठी आहेत. घट्ट बेडका सुटून खोकला हलका होणे आणि आवळलेली श्वासनलिका उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत. अडुळशाने बरे वाटले म्हणणाऱ्या माणसाचा पहिला अनुभव बहुधा खरा असतो. त्यावरून दमा आटोक्यात आला असे मानले, की गडबड होते.

मात्रेचे काय? आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधकोशात, वासापत्राची (अडुळशाच्या पानाची) मात्रा ताज्या रसाची १० ते २० मिलिलिटर, किंवा काढ्यासाठी सुकी पाने १० ते २० ग्रॅम अशी दिली आहे. सुक्या पानात क्षारके साधारण अर्धा ते दोन टक्के असतात. गणित करून पाहा. अर्धा टक्क्याची १० ग्रॅम पाने घेतली तर ५० मिलिग्रॅम, दोन टक्क्यांची २० ग्रॅम घेतली तर ४०० मिलिग्रॅम. ग्रंथाप्रमाणेच वागलेल्या दोन घरांत आठपट फरक. त्यातही पान कोणत्या महिन्यात तोडले, सावलीत वाळवले की उन्हात, काढा किती आटवला, सगळे पाणी कितपत गाळून घेतले, यांवर प्रत्यक्ष उतरलेले प्रमाण आणखी बदलते. हवा आणि उजेड लागून वासिसिनचे वासिसिनोन होते आणि त्या दोघांचे परिणाम सारखे नाहीत. बाजारातून आणलेल्या सुक्या पानांत महारुखाच्या पानांची भेसळ होते, ही जुनी आणि नोंदलेली तक्रार आहे. चुरा झाल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे विशिष्ट खडे, म्हणजे सिस्टोलिथ, ओळखू येतात. कच्चा माल घेताना ही एक तपासणी करायला फारसा खर्च येत नाही. आणि एक इशारा: वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते. त्यामुळे गरोदर बाईला अडुळशाचा काढा किंवा सिरप 'घरचेच तर आहे' म्हणून देऊ नये.

वनस्पती अर्कांवरच्या संशोधनाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा त्यामागे बहुधा गिनीपिगचा प्रयोग असतो. प्राण्याच्या श्वासनलिकेचे छोटे कडे कापून उबदार क्षारद्रवात टांगतात, हिस्टामिन किंवा ॲसिटिलकोलिन घालून ते आवळवतात, मग अर्क घालतात. कडे सैल झाले की 'दम्यावर गुणकारी' असा मथळा तयार होतो. इथे तीन ठिकाणी घसरायला होते. पहिले म्हणजे प्रमाण. अनेक प्रयोगांत द्रवात अर्क दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घातलेला असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात पेशींबाहेरचे पाणी १४ लिटरच्या आसपास असते. तेवढे प्रमाण तिथे गाठायचे तर १४ ग्रॅम अर्क पूर्णपणे रक्तात उतरायला हवा. आतडे आणि यकृत इतके पुढे जाऊच देत नाहीत. दुसरे, कच्च्या अर्कातली टॅनिने प्रथिनांना चिकटतात आणि कोणताही स्नायू ढिला पडल्यासारखा दिसतो. तो परिणाम औषधाचा नसतो. म्हणूनच टॅनिने काढून टाकलेल्या अर्काने तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो, आणि अर्क धुऊन काढल्यावर कडे पुन्हा आवळते का हेही पाहावे लागते. आवळले नाही तर ऊतीला इजा झाली असे समजायचे. तिसरे, गिनीपिगचा झटका मुख्यतः हिस्टामिनवर चालतो. साधी ॲलर्जीची गोळी गिनीपिगला त्यातून हमखास वाचवते. तीच गोळी माणसाच्या दम्यावर फारशी चालत नाही, हे कित्येक दशकांपासून माहीत आहे.

चौथी गोष्ट प्रयोगशाळेच्या बाहेरची आहे. दमा म्हणजे फक्त आवळलेली नळी नव्हे. आत सतत सूज असते, आणि आवळणे हा त्या सुजेचा वरवर दिसणारा भाग. केवळ नळी उघडत राहिलो आणि सूज तशीच राहू दिली, तर माणूस बरा वाटत असतानाच धोक्यात जातो. म्हणून तर 'जिना' या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक गटाने २०१९ पासून केवळ साल्ब्युटामॉलवर भागवणे बंद करायला सांगितले. सोबत श्वासातले स्टिरॉइड हवेच. जो नियम साल्ब्युटामॉलसारख्या पारखलेल्या औषधाला लागू झाला, तो श्वासनलिका सैल करतो म्हणून मिरवणाऱ्या अर्काला कसा लागू होणार नाही?

आपल्याकडे माणसांवरच्या चाचण्या झालेल्याच नाहीत, असे मात्र नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अंतमूळ या वेलीचे पान रोज एक असे सहा दिवस चघळायला दिले आणि कित्येक आठवडे टिकणारा आराम नोंदवला. तो निकाल पाहून बरीच आशा निर्माण झाली. पण पान चघळणाऱ्यांचे तोंड येत होते, चव जात होती, मळमळत होते. म्हणजे आपल्याला खरे पान मिळाले की खोटे, हे रुग्णाला आपोआप कळत होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत अंतमूळ आणि निष्क्रिय औषध यांत फरक दिसला नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात कुटकी या वनस्पतीची चाचणी झाली, ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. ७२ दमेकरी, १४ आठवडे, आळीपाळीने कुटकीचे चूर्ण आणि निष्क्रिय चूर्ण, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही काय चालू आहे ते माहीत नाही. कुटकीचा फायदा सिद्ध झाला नाही. या कामाला जितकी दाद मिळायला हवी होती तितकी मिळाली नाही. नकारार्थी निकाल प्रामाणिकपणे छापणे म्हणजे पुढच्या हजारो रुग्णांची वर्षे वाचवणे. चेन्नईत १९९९ च्या सुमारास भुईरिंगणीचे ३०० मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीनदा देऊन फुफ्फुसाची क्षमता मोजली गेली. ती वाढली, मात्र डेरिफायलिन (थिओफिलिन असलेले औषध) आणि साल्ब्युटामॉल यांच्याहून कमी वाढली. माझ्या मते भुईरिंगणी पुढच्या तपासणीला सर्वांत पात्र आहे, कारण इथे परिणाम प्रत्यक्ष मोजून, प्रचलित औषधाशेजारी ठेवून पाहिला गेला. सालई गुग्गुळाची जम्मूतली १९९८ ची चाचणीही उत्साहवर्धक होती: ४० रुग्ण, ३०० मिलिग्रॅम तीनदा, सहा आठवडे, ७० टक्क्यांत सुधारणा, निष्क्रिय गटात २७ टक्के. सालईतली बॉसवेलिक आम्ले ल्यूकोट्रायीन हे सूज वाढवणारे द्रव्य बनवणारे विकर रोखतात, आणि त्याच साखळीवर मॉन्टेलुकास्ट ही दम्याची गोळी काम करते. म्हणजे कारणमीमांसा जुळते. पण चाचणी छोटी, आणि सहा आठवडे दम्यासाठी फारच थोडे. जर्मनीत निलगिरीतल्या शुद्ध सिनिओलची कॅप्सूल, २०० मिलिग्रॅम तीनदा, बारा आठवडे, रोज स्टिरॉइडची गोळी घ्याव्या लागणाऱ्या ३२ रुग्णांच्या चाचणीत दिली. गोळीची मात्रा ३६ टक्क्यांनी उतरवता आली. निष्क्रिय गटात ७ टक्के. इथे मूळ उपचार चालू होता, द्रव्य शुद्ध होते, मात्रा ठरलेली होती. घरोघरी निलगिरीचे तेल टाकून घेतला जाणारा वाफारा याच्याशी ताडून पाहू नये. त्या उग्र वासानेच कित्येकांची उबळ वाढते, आणि तेल पोटात गेले तर लहान मुलांना झटके येतात.

निष्क्रिय गटातले २७ टक्के लोक कसे सुधारले, हे समजून घेतले की कोजागरीच्या रात्री खिरीतून दिल्या जाणाऱ्या औषधाला किंवा मृगाला हैदराबादला माशातून दिल्या जाणाऱ्या औषधाला इतके साक्षीदार का मिळतात ते कळते. दमा स्वतःहून चढतो आणि उतरतो. माणूस औषधाला जातो तो सर्वांत वाईट दिवसांत. त्यानंतर बहुतेकदा थोडे बरे वाटणारच असते. पावसाळी बुरशी आणि ओल ओसरली की कोजागरीनंतर कित्येकांचा श्वास मोकळा होतो. शेजारी तुलनेचा गट नसेल तर श्रेय कशाला द्यायचे हे ठरवता येत नाही.

काढा आणि गोळ्या सोबत घेणाऱ्यांच्या बाबतीत काय बिघडते, तेही स्पष्ट सांगायला हवे. थिओफिलिनची सुरक्षित पातळी फार अरुंद आहे: रक्तात दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की उलट्या, अनियमित ठोके आणि पुढे झटके. पिंपळीतल्या पाइपरिनमुळे थिओफिलिनचे रक्तातले प्रमाण वाढते, हे निरोगी स्वयंसेवकांवर दाखवले गेले आहे, आणि सितोपलादी चूर्ण, त्रिकटू या दोन्हींत पिंपळी असते. डेरिफायलिन किंवा थिओफिलिन चालू असलेल्या माणसाने ही चूर्णे सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांनीही हेच होते. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतले की पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो. साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइडही पोटॅशियम उतरवतात. तिन्ही एकत्र आले तर हृदयाची लय बिघडू शकते. कनकासवात धोत्रा असतो. काचबिंदू असलेल्याने आणि प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर माणसाने तो वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. धोत्रा औषध नियमांतल्या शेड्यूल ई-१ मध्ये, विषारी घटकांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. बाटली घेताना ती सूचना आहे का, ते बघा.

सर्वांत वाईट फसवणूक बिननावाच्या पुडीची. लेबल नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, 'जंगलची जडीबुटी' म्हणून दिलेली, आणि दोन दिवसांत जादूसारखा आराम. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडे मिसळल्याचे पुन्हा पुन्हा आढळले आहे. खुणा ठरलेल्या आहेत: भूक एकदम वाढणे, चेहरा गोल होणे, पोटावर चरबी, साखर आणि रक्तदाब चढणे, त्वचा पातळ होऊन पटकन निळे डाग पडणे. घरात कोणाला अशा पुडीने महिनोन्महिने आराम पडत असेल तर ती एका दिवसात बंद करू नका. शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींनी काम थांबवलेले असते, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जायचे. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

आणि झटका आला असताना कोणताही काढा उकळत बसायचे नाही. साल्ब्युटामॉलचा पंप हलवून स्पेसरला (पंप आणि तोंड यांमधल्या पोकळ नळीला) लावायचा, एका वेळी एकच फवारा, प्रत्येकानंतर स्पेसरमधून चार-पाच शांत श्वास. असे चार फवारे. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाइतके भोक पाडून काम भागते. पंप घट्ट बसला पाहिजे, फटीतून औषध गळता कामा नये. वीस मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा चार ते दहा फवारे आणि थेट दवाखाना. माणूस एक वाक्य पुरे बोलू शकत नसेल, ओठ निळसर झाले असतील, गुंगी येत असेल किंवा घरघर अचानक थांबून छाती शांत झाली असेल, तर वीस मिनिटे थांबायचेही नाही.

ज्यांना आपल्या नियमित पंपासोबत वैद्यांच्या सल्ल्याने एखादे औषध घेऊन बघायचे आहे, त्यांच्यासाठी घरची एक सोपी मोजणी आहे. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारे छोटे यंत्र, घ्यावा. रोज सकाळी आणि रात्री, पंप घेण्यापूर्वी, उभे राहून तीनदा फुंकावे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. आधी दोन आठवडे फक्त नोंद, मग औषध सुरू करून सहा आठवडे. साल्ब्युटामॉल किती वेळा लागले, रात्री किती वेळा जाग आली, तेही लिहावे. आकडा आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरला तर प्रयोग थांबवून डॉक्टरांना गाठावे. ५० टक्क्यांखाली आला तर तो झटका समजावा. एका माणसाच्या वहीवरून औषध सिद्ध होत नाही, पण बिघाड मात्र वेळेत पकडता येतो.

आता कायद्याकडे. शास्त्रोक्त ग्रंथात असलेले आयुर्वेदिक औषध त्याच वापरासाठी बनवायचे असेल, तर औषध नियमांतल्या नियम १५८-ब प्रमाणे ग्रंथाचा आधार पुरतो. माणसांवरच्या नव्या चाचणीची सक्ती नाही. शेड्यूल जे नावाच्या यादीत बरे करण्याचा दावा करता येऊ नये अशा आजारांमध्ये 'ब्राँकियल अस्थमा' आहे, पण दुकानातल्या फळीवर हे नाव वेगवेगळ्या शब्दांत दिसतच राहते. जाहिरातींवर लगाम म्हणून २०१८ साली नियम १७० आला. २०२४ च्या जुलैत आयुष मंत्रालयाने तो वगळण्याची अधिसूचना काढली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये ती स्थगितीही उठवली. अंकुश इतका डळमळीत असताना रुग्णाने कशावर भरवसा ठेवायचा?

दुसरा रस्ता कायद्यातच आहे आणि तो जवळपास ओस पडलेला आहे. ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने 'फायटोफार्मास्युटिकल' असा औषधांचा नवा वर्ग आला. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश. त्यात किमान चार घटक ओळखलेले आणि मोजलेले. आणि परवान्याआधी माणसांवर चाचण्या. मुलुंडच्या संशोधन केंद्रात हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात माईनमुळातून फोर्स्कोलिन काढले. पेशीतले सायक्लिक एएमपी हे निरोप पोचवणारे द्रव्य वाढवून ते श्वासनलिका सैल करते, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही ते वापरतात. हे काम मुंबईत झाले. मग अडुळसा, भुईरिंगणी, सालई यांच्यासाठी २०१५ च्या वर्गात अर्ज करायला आपल्या कंपन्यांनी का बिचकावे? कारण उघड आहे. ग्रंथाचा आधार दाखवून परवाना मिळत असेल तर कोट्यवधी रुपये चाचणीवर कोण घालेल? म्हणूनच दम्यासारख्या जीवघेण्या आजाराचे नाव वापरायचे असेल तर ग्रंथाची सवलत काढून घ्यावी. खोकल्यासाठी, कफासाठी ती राहू द्यावी.

चाचणी कशी असावी, तेही गुंतागुंतीचे नाही. रुग्ण खरोखर दमेकरी असावेत: साल्ब्युटामॉलनंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढणारी. सर्वांना श्वासातले स्टिरॉइड चालूच. त्यावर एका गटाला अर्क, दुसऱ्याला तितकेच कडू निष्क्रिय औषध, म्हणजे अंतमुळासारखा गोंधळ होणार नाही. कालावधी पूर्ण एक वर्ष, म्हणजे पावसाळा आणि थंडी दोन्ही येतात. मुख्य मोजमाप वर्षभरात आलेले तीव्र झटके आणि लागलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. फुफ्फुसाची क्षमता दुय्यम. तपासणीच्या आधी चार तास चहा-कॉफी नको, कारण कॅफीन स्वतःच नळ्या थोड्या उघडते. प्रत्येक खेपेत काढलेल्या अर्काचे रासायनिक ठसे जपून ठेवावेत, पाने कुठून आणि कोणत्या महिन्यात तोडली याच्या नोंदीसह. चाचणी सुरू होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तिची नोंद, आणि केईएमने कुटकीबाबत केले तसे, निकाल नकारार्थी आला तरी तो आकड्यांसह छापणे बंधनकारक. महाराष्ट्रातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि आयुर्वेद महाविद्यालये मिळून ही एक चाचणी भुईरिंगणीवर करू शकतात. रुग्ण ओपीडीत आहेत, स्पायरोमीटर छातीविकार विभागात आहे आणि वनस्पती विदर्भापासून कोकणापर्यंत पडीक जमिनीत वाढते आहे.